एमेट वार्गोची कॅरल

टोलेडो शहरात नदीपलीकडे डॉटचा बार होता. बाहेर पाटी नव्हती, खिडक्या विटांनी बुजवलेल्या. ज्यांना ठाऊक ते यायचे. पुरुषांवर जीव असलेले पुरुष, बायांवर जीव असलेल्या बाया. काचकारखान्यातले, ट्रकवाले, एक दंतवैद्यसुद्धा. एमेट वार्गो दारात कुणी दिसलं की ओरडायचा, "आलीस का गं भवाने? दार लाव आधी, गारठले मी!" आणि दारातला तो आडदांड ट्रकवाला लाजून हसायचा. आत आम्ही सगळे पुरुष असंच, बायांसारखं बोलायचो. बाहेर पाऊल टाकलं की पुन्हा पुरुष.

मी टोबी. वयानं त्याच्याहून पुष्कळ लहान. बारमागचं सगळं काम मला एमेटनं शिकवलं.

तो मूळचा काचेच्या भट्टीवरचा कामगार. एका शनिवारी काही पोरं बेसबॉलच्या बॅटी घेऊन बारवर आली. दाराशी एमेटचा जोडीदार कॅरल सिगारेट ओढत उभा होता. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. एमेट बिलियर्डची काठी घेऊन बाहेर धावला. पोलिसांनी येऊन पोरांना घरी पाठवलं आणि एमेटला गाडीत कोंबलं. पेपरात त्याचं नाव आलं, पत्ता आला, कुठल्या बारबाहेर पकडला तेही आलं. नोकरी गेली. आई त्यानंतर त्याच्याशी मरेपर्यंत बोलली नाही. त्या मारामारीत एमेटचे समोरचे दात पडले होते. "बरंच झालं," तो म्हणायचा, "आता शीळ काय सुरेख वाजते माझी!" डॉटनं त्याला काउंटरमागे उभं केलं, आणि तो तिथलाच झाला.

कॅरल त्याचा माणूस. हे नाव त्यांच्या पिढीत पुरुषांचंही असायचं. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. बुटांच्या दुकानात कामाला. दोघांचा संसार एका भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर. एका हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ उपसताना कॅरल कोसळला तो उठलाच नाही. फिंडलेहून त्याचे भाऊ आले, प्रेत घेऊन गेले, जाताना पलंग आणि टेबलही नेलं. भाडेचिठ्ठी कॅरलच्या नावावर होती, तेव्हा सामानही त्याचंच धरलं गेलं. दफनाच्या दिवशी एमेट सूट घालून चर्चला गेला, तर थोरल्या भावानं त्याला पायरीवरच अडवलं. "हे घरच्यांसाठी आहे."

तो तसाच बारवर आला. कोट काढला, ग्लास पुसायला लागला. मी म्हटलं, "अगं, बस जरा."

"उभी राहू दे मला, टोबी. बसले तर उठायची नाही."

डॉट गेली तेव्हा तिच्या पुतण्यांनी बार विकला. नवी पोरं फोनवरच एकमेकांना शोधायची, त्यांना विटांच्या खिडक्या कशाला हव्यात? आम्ही पांगलो. एमेट घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं. जिना चढणं संपलं, आणि सरकारी खर्चानं त्याला म्हाताऱ्यांच्या एका निवासात ठेवलं.

पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा मी सवयीनं म्हटलं, "काय गं, कशी आहेस?"

त्यानं माझं मनगट असं आवळलं की कळ आली. शेजारच्या खाटेवर ग्रोव्हर नावाचा म्हातारा पेंगत होता. एमेट कुजबुजला, "इथं तसं नाही बोलायचं. तू माझा भाचा. कळलं?" मग मोठ्यानं म्हणाला, "ये ये! आई कशी आहे तुझी?"

पॅसेजच्या टोकाला एक म्हातारा होता, त्यानं मित्राचा फोटो भिंतीवर लावला होता. जेवायला त्याच्या टेबलाशी कुणी बसत नसे. त्याला आंघोळ घालायला आलेली पोरं दोन-दोन हातमोजे चढवून हसत, ते एमेटनं पाहिलं होतं. "ते अंगण असतं ना बारसमोरचं, तर मी काठी घेतली असती," तो म्हणाला. "पण इथं माझा लंगोट बदलतात रे ते. त्यांच्याशी कसा भांडू?"

म्हणून कॅरल बाई झाली. नाव बदलावंही लागलं नाही. कॅरल अशी होती, कॅरल तशी होती, कॅरलला कुत्री आवडायची. कॅरलचा फोटो मात्र त्यानं उशीच्या खोळीत लपवून ठेवला होता. पुढं ताप चढला की त्याचा जिभेवरचा ताबा सुटे. "दमले गं," असं पुटपुटे आणि दचकून ग्रोव्हरकडे बघे.

आमच्या बारमध्ये स्वयंपाक करणारी, आमच्यातलीच लुझ एकदाच माझ्याबरोबर आली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "त्या दिवशी काठी घेऊन धावलेला तो हाच का? मला नाही बघवत." एमेटनं तिच्याकडूनही वचन घेतलं होतं: मेल्यावरही इथं कुणाला काही सांगायचं नाही. ग्रोव्हर रोज त्याच्याशी पत्ते खेळायचा. त्यानं मागाहूनही तोंड वाकडं करू नये, एवढंच एमेटला हवं होतं.

मार्चमध्ये तो गेला. निवासाच्या जेवणघरात छोटीशी प्रार्थना झाली. पाद्री म्हणाला, "आज एमेट आपल्या प्रिय पत्नीला, कॅरलला भेटला असेल." लुझ उठायला लागली. मी हात धरून तिला खाली बसवलं. कॅरल फिंडलेला भावांच्या रांगेत पुरलेला. एमेटला इथल्या दफनभूमीत बेवारशांच्या तुकड्यात जागा मिळाली होती.

बाहेर पडताना ग्रोव्हर काठी टेकत आला. डोळे लाल झाले होते. "भला माणूस होता हो. बायकोचं किती सांगायचा! तुम्ही पाहिली होती का तिला?"

"हो," मी म्हणालो. "मामी उंच होती. बोलायची कमी."

"देखणी होती?"

"फार."

लुझनं माझ्याकडे पाहिलं आणि ती एकटीच गाडीकडे चालायला लागली. मी तिला तिच्या घरी सोडलं. उतरताना दार धरून म्हणाली, "मी मेल्यावर माझ्याबद्दल असलं खोटं बोललास ना टोबी, तर बघ," आणि दार आपटून आत गेली.