बस्त्यावकाकांनी नाकारलेली वायर

बस्त्यावकाका गेल्याचं मला पाचूबंदरच्या धक्क्यावर कळलं. मासळी भरून झाली होती, मी पिकअपचं मागचं फळकं लावत होते आणि त्यांच्या बायकोचा, कॅथरीनकाकूंचा फोन आला. "बाय, काका गेले गं... चहा घेतला, खुर्चीत टेकले, ते उठलेच नाय." आई बाजूलाच बर्फ फोडत होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला काय ते समजलं. हातातला दांडा खाली ठेवून ती एवढंच म्हणाली, "टोपल्या उतरव. आज म्हावरं इथंच इकू. तू जा."

सातिवलीत दोन गोदामांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात काका गाड्यांच्या वायरिंगचं काम करत. बाबांच्या मागे मी ऑफिसची नोकरी सोडून त्यांची जुनी पेट्रोल पिकअप चालवायला घेतली, तेव्हा तिला एक खोड लागली होती. चालता चालता ती मध्येच बंद पडायची आणि अर्ध्या तासाने, जणू काही झालंच नाही अशी, सुरू व्हायची. दोन गॅरेजवाल्यांनी पेट्रोलच्या टाकीतला पंप बदलून दिला होता, तरी दुखणं तसंच. एकदा ती नेमकी काकांच्या गाळ्यासमोर थांबली. त्यांनी फ्यूज पाहिला, रिले काढून कानाशी धरून वाजवला, टाकीजवळ कान नेऊन मला चावी फिरवायला लावली. मग म्हणाले, "पंप चांगला हाय. त्याला वीज धड मिळत नाय. कुठं अडते ते शोधायला दोन तास लागतील. म्हावरं दुसऱ्या टेम्पोत घालून देतो."

दोन तास! मागे बर्फ वितळत होता, बाजारातली गिऱ्हाइकं फोनवर फोन करत होती. मी म्हटलं, "काका, बॅटरीवरनं डायरेक्ट करून द्या ना. सगळेच करतात."

"माझ्याकडे नाय होत ते."

"येत नाही की करायचं नाही?"

ते पान्हा पुसत राहिले. मी पुन्हा चावी फिरवली, गाडी सुरू झाली आणि मी रागाने तशीच निघून गेले. पुढच्या गॅरेजमध्ये दहा मिनिटांत काम झालं. बॅटरीपासून थेट पंपापर्यंत दोन वायरी आणि स्टिअरिंगखाली एक बटण. पुढचा आठवडाभर गाडी एकदाही थांबली नाही. सातिवलीतल्या म्हाताऱ्याला काही येत नाही, असं मी धक्क्यावर चारचौघांत सांगितलंही. आज ते आठवलं की मान वर होत नाही.

त्या रविवारी मिस्सा आटोपून काका स्कूटरवरून धक्क्यावर आले. अंगात चर्चचा पांढरा शर्ट, पायाशी हत्यारांची पिशवी. गाडीवर रंगवलेलं बाबांचं नाव विचारत विचारत आले होते. "डायरेक्ट केलंस ना?" त्यांनी विचारलं. मी स्टिअरिंगखालचं बटण दाखवलं. मग ते गाडीच्या पायरीवर बसले आणि जाळ्यांकडे बघत सांगू लागले.

"जूचंद्रचा हरेश म्हणून एक ड्रायव्हर होता. त्यालापण तुझ्यासारखीच घाई. मी दिली वायर जोडून. महिन्याभराने त्याची गाडी ठोकली, पेट्रोलचा पाइप तुटला. इंजिन बंद पडलं की मूळची वायरिंग पंपाला बंद करते. माझ्या वायरीनं त्याला बंद होऊ दिलं नाय. इंजिन थांबलेलं आणि पंप आपला पेट्रोल फेकतोय... दरवाजा अडकलेला. दोन्ही हात जळाले पोराचे."

"तुमचं नाव सांगितलं त्याने?"

"त्यानं कोणाला सांगितलं नाय. मीच हॉस्पिटलात जाऊन सांगितलं. वाटलं, त्याची आई मारंल. तिनं ताट माझ्या हातात दिलं. म्हणाली, 'आता आलायस ना, मग तूच भरव. माझे हात कापतात.'"

हरेशच्या हातांची पट्टी सुटेपर्यंत काका रोज दुपारी गाळा बंद करून त्याला भरवायला जात होते.

एवढं सांगून ते त्याच पांढऱ्या शर्टात गाडीखाली शिरले. आधी त्या दोन वायरी काढल्या. मग पंप चालू ठेवून मीटर लावत एकेक जोड तपासला. पंपाची अर्थिंगची वायर चेसिसला जिथे बोल्टने धरली होती, तिथे वर्षानुवर्षं मासळीचं खारं पाणी गळून गंज चढला होता. वीज पंपापर्यंत जात होती, पण तिला परतीची वाट धड नव्हती. गॅरेजवाल्यांनी दिवा लावून पाहिलं तेव्हा दिव्याची दुसरी वायर चांगल्या पत्र्याला टेकवली होती, म्हणून तो लख्ख पेटला, वीज येतेय म्हणजे पंपच खराब असं ठरलं आणि बिचारा पंप दोनदा बदलला गेला. काकांनी गंज घासला, वायरीला नवं टोक बसवलं, वर ग्रीस लावलं. दोन तासही लागले नाहीत. आईने त्यांना जेवायला थांबवलं. शर्टाची पाठ काळी झालेली पाहून मला रडू आलं, तर म्हणाले, "अगं, कॅथरीन ओरडंल ती मला. तू कशाला रडतेस?"

त्यानंतर किती वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले. काम असलं तर, आणि नसलं तरीही.

दफनाच्या दिवशी सगळे ओळीने मूठमूठ माती टाकत होते. माझ्या पुढे एक पन्नाशीचा माणूस होता. त्याने माती उचलली, पण बोटं मिटत नव्हती, ती फटींतून गळून गेली. मग तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळव्यांनी काठावरची माती हळूहळू आत लोटत राहिला. मी नाव विचारलं नाही. मागची रांग थांबली होती, कोणी घाई केली नाही.

परवा काकांना जाऊन महिना झाल्याची चर्चमधली मिस्सा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातिवलीला गेले तर गाळ्याचं शटर वर होतं. हत्यारं कधीच एका ओळखीच्या कारागिराला देऊन टाकलेली, आत काही उरलेलं नाही. रिकाम्या गाळ्यात कॅथरीनकाकू लसूण सोलत बसल्या होत्या. एवढ्यात एक भाजीचा टेम्पो थांबला, ड्रायव्हरने खिडकीतूनच हाक मारली, "काका हायत का?"

"नाय रे बाबा. ते गेले," काकू म्हणाल्या. "दुसरीकडं दाखव. वेळ लागला तर लागू दे, पण डायरेक्ट नको करू."

तो मान हलवून गेला. मी म्हटलं, "काकू, तुम्ही रोज येता?"

"ज्यांना ठाऊक नाय ते येतात गं अजून," त्या म्हणाल्या. "शटर बंद दिसलं तर तसेच पुढं जातील."