बासुंदीनंतरची शाब्ली

“मुलगी मुकी तर नाही ना?” ओसरीवरून मुलाच्या मामांचा आवाज आला.

“छे, कॉन्व्हेंटात शिकलीय,” वडील म्हणाले.

“मग इंग्रजीतही गप्पच बसत असेल.”

सगळे हसले. मी स्वयंपाकघरात मासे तळत होते. मी इंटर झाले होते आणि घरात माझ्यासाठी दोन स्थळं होती. एक वडगावच्या कोर्टातले वकील; बिजवर, दोन मुलं, आणि लग्नानंतर कॉलेज बंद हे त्यांनी आधीच कळवलं होतं. दुसरा हा, आज मामांबरोबर मला बघायला आलेला, फ्रान्समध्ये शिकलेला. बायकोला बी.ए. करू देईन, असं तो म्हणाला होता.

आदल्या दिवशी त्याने लोणावळा स्टेशनवर वडिलांच्या हाती एक बाटली दिली होती. शाब्ली नावाची पांढरी वाइन. ती गार ठेवायची, सोबत मीठ-लिंबू लावून तळलेला मासा, आणि गोड काही नको, एवढंच त्याचं म्हणणं. आमच्यात मासे चालत. दारू कधी घरात आली नव्हती. आईने बाटली फडक्यात गुंडाळून बादलीतून विहिरीत सोडली. सकाळी भाजेहून कामाला येणाऱ्या मावशींनी ती वर काढली.

“बाई, ह्यो काढा कुणाला? कोन आजारी हाय व्हय?”

“द्राक्षांचा रस आहे,” आई म्हणाली. “आणि गावभर सांगू नका.”

मग आई बासुंदी आटवायला बसली. मी म्हटलं, त्यांनी गोड नको सांगितलंय. शाळेत फ्रेंच शिकवणारी सिस्टरही म्हणायची, गोडानंतर ही वाइन नुसती आंबट लागते.

“मुलगी बघायला आलेल्यांचं तोंड आधी गोड करायचं असतं,” आई म्हणाली. “तुझ्या सिस्टरने किती लग्नं जमवली?”

मी माशांना मीठ-लिंबू चोळायला घेतलं.

पंगत बसली. आधी बासुंदी वाढली. माझ्या नजरेसमोर वाट्या रिकाम्या झाल्या. मग त्याने काचेच्या पेल्यांत वाइन ओतली. मामांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा चिंच चावल्यासारखा झाला.

“अरे, यासाठी फ्रान्सला गेला होतास?”

त्यानेही एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. मासे अजून तव्यावर होते.

वडिलांनी आपला पेला न उष्टावता आत पाठवला. दाराआड उभी राहून मी माशाचा तुकडा तोंडात टाकला आणि वर एक घोट घेतला. आधी ओल्या दगडासारखी चव, मग कच्च्या सफरचंदाची. तेलकटपणा गेला आणि मासा गोडसर लागला. त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. हे त्याला सांगावंसं वाटलं. मी तोंड पुसलं आणि मासे घेऊन बाहेर गेले.

“गोड नको म्हणून सांगितलं होतं,” तो वडिलांना म्हणत होता. आवाज चढलेला नव्हता. नुसता थकलेला होता.

“बासुंदीवर ही पाजायची, हे डोकं कुणाचं?” मामांनी विचारलं.

आई दारातून पुढे आली. अशा वेळी सगळ्याच घरांत जे म्हणतात, तेच ती म्हणाली, “सगळं हिच्याच हातचं. काय करायचं, कसं वाढायचं, सगळं हिनंच ठरवलं.”

म्हणताना तिच्या लक्षात आलं, की बासुंदीचा दोषही माझ्यावरच आला. तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “खरंच? तुम्हीच ठरवलंत?”

नाही म्हटलं असतं, तर आई पाहुण्यांसमोर खोटी पडली असती. हो म्हटलं, तर हे स्थळ जाणार आणि वडगावचे वकीलच उरणार. ताटातले मासे निवत चालले होते.

“हो,” मी म्हणाले. “सगळं मीच ठरवलं.”