मोहाच्या दिवसांतलं वळण

बाबा नागभीडजवळच्या जंगलात रेल्वेचे गँगमन होते. वळणावर चाक घासू नये म्हणून रुळाच्या आतल्या अंगाला ग्रीस लावणं हे त्यांचं काम. मोहाची फुलं गळायच्या दिवसांत मात्र ते ग्रीसचा डबा उघडत नसत आणि त्यापायी साहेबाच्या शिव्या खात.

पुढे मी इंजिनीअर झालो. वळणावर चाकं किती वळवायची हे गाडीनेच ठरवावं, असा प्रोग्राम आम्ही लिहीत होतो. चाकांची झीज कमी व्हावी, वीज कमी लागावी आणि डबाही डोलू नये, या तिन्हींचा मेळ तो क्षणोक्षणी घालायचा. सुट्टीत घरी आल्यावर मी हे बाबांना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं.

"अन् आवाज?" त्यांनी विचारलं.

"आवाज तर होतच नाही, बाबा."

 बाबा म्हणाले, "मोहाच्या दिवसात बाया रुळाच्या कडेनं वाकून फुलं वेचतात. वळणापलीकडची गाडी त्यायले दिसत नाई. चाक करकरलं का त्या बाजूले होतात. एका साली म्या ग्रीस लावलं होतं."

आई मोह वेचताना गाडीखाली सापडली, एवढंच मला लहानपणापासून सांगितलेलं होतं.