भिंतीच्या सावलीचा सायकल स्टँड

ज्योतीराम मूळचा उस्मानाबादकडचा. चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेसवर हेल्पर होता. अडुसष्ट साली उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली आणि कंपनीनं त्याचा हिशेब करून दिला. गावी परत जाऊन त्या हातानं तरी काय करणार, म्हणून तो गेटसमोरच बसून राहायला लागला. तिथंच त्याला दत्तोबांनी पाहिलं.

कारखान्याची भिंत आणि रस्ता यांच्यामधली जमिनीची पट्टी दत्तोबांची होती. बाकीची जमीन कारखान्यात गेली, ही तेवढी उरली होती. कामगार तिथं कशाही सायकली टाकून आत पळायचे. दत्तोबा ज्योतीरामला म्हणाले, "बसून बसून मुळं फुटतील तुला. सायकली संभाळ. भितीची सावली पडतीया तेवढी जागा तुझी. त्याच्या फुडं माझी बैलगाडी सुटती, तिथं यायचं न्हाई."

तेव्हा नऊचा भोंगा नुकताच झाला होता. ज्योतीरामनं जिथं सावली संपत होती तिथं पायानं रेघ ओढली. स्टँड सुरू झाला.

एका शिफ्टचे दहा पैसे. पत्र्याचे बिल्ले त्यानं स्वतः कापले. एक हँडलला, एक मालकाला. दर सोमवारी, नऊचा भोंगा होऊन गर्दी आत गेली, की तो फक्कीचं घमेलं घ्यायचा आणि सावलीच्या कडेनं पांढरी रेघ मारायचा. आठवड्याभरात ती पायांखाली पुसून जायची. पावसाळ्यात सावलीच नसायची, तेव्हा शेवटच्या रेघेवर विटा मांडायचा. रेघेच्या आत बिल्ल्याशिवाय सायकल दिसली, की तिला साखळी आणि कुलूप. सोडवायला आठ आणे. यात त्यानं कुणाला सूट दिली नाही. एकदा पर्सोनेलच्या साहेबांच्या मेव्हण्याची सायकल बांधली होती, तीही आठ आण्यांनीच सुटली.

पाच वर्षं हे चाललं. मग त्र्याहत्तरच्या डिसेंबरात मधुसूदनची सायकल बांधली गेली.

मधुसूदन कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नवा लागलेला ड्राफ्ट्समन. जूनमध्ये कामावर आला तेव्हापासून तो सायकल स्टँडच्या बाहेर, टेलिफोनच्या खांबाला टेकवून ठेवायचा. दहा पैसे वाचायचे. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला बाहेर आला तर चाकात साखळी.

"ज्योतीराम, ही काय भानगड?"

"रेघेच्या आत हाय साहेब. आठ आणे."

"जूनमध्ये खांब रेघेच्या बाहेर होता. आता आत आहे. खांब चालत आला का?"

"खांब हितंच हाय. सावली आली."

भोवती थांबलेले चारजण हसले. एकजण म्हणाला, "राव, पुढच्या वर्षी रेघ पार निगडीला जाती बघ." ज्योतीराम हसला नाही. मधुसूदननं आठ आणे दिले नाहीत. सायकल तशीच ठेवून तो चालत घरी गेला, आणि रविवारी दत्तोबांकडे जाऊन म्हणाला की तुमच्या जमिनीत रेघ सरकते आहे.

दत्तोबांना जमिनीत कुणी सरकलेलं चालत नसे. सोमवारी नऊच्या आधीच ते काठी टेकत स्टँडवर आले. मधुसूदननं अर्ध्या तासाचा गेट पास काढला होता. भोंगा झाला. तिघांनी पाहिलं. सावली गेल्या सोमवारच्या रेघेच्याही बोटभर पुढं पडली होती.

"मंग? ज्योतीराम खोटं बोलत न्हाई," दत्तोबा म्हणाले. "भितीचीच सावली हाय ही."

"सावली खरीच आहे," मधुसूदन म्हणाला. त्यानं टेप लावला. "पंधरा फूट. पण तात्या, थंडीत सूर्य खाली असतो, सावली लांब पडते. उन्हाळ्यात याच वेळी ती दहा फुटांवर येईल. तुम्ही जागा दिली ती कुठल्या महिन्यात?"

दत्तोबांनी आठवून पाहिलं. "मला काय याद न्हाई. ज्या दिशी दिली त्या दिशीची सावली धरायची, बास. ज्योतीराम, कवा दिली होती रं?"

ज्योतीरामनं हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"सांजच्याला सांग," दत्तोबा म्हणाले. "आठवून नीट सांग. तू सांगशील ती रेघ कायमची."

मधुसूदन आत गेला. ज्योतीराम सायकलींकडे पाहत बसला. पंधरा फुटांत दोन रांगा बसतात. दहा फुटांत एक रांग आणि जायची वाट. उन्हाळ्यात सायकली दाटतात हे त्याला दरवर्षी दिसायचं; उन्हाळ्यात गिऱ्हाईक वाढतं, अशी त्यानं मनाशी समजूत करून घेतली होती. रेघ आपणच मागं घेतो, हे ध्यानातच आलं नव्हतं.

दुपारी त्याची बायको रुक्मिणीबाई पिंपळे गुरवहून भाकरी घेऊन आली. त्यानं सगळं सांगितलं.

"मंग मार्गशीर्ष म्हना," ती म्हणाली. "कोन बघाया होतं?"

"तू हुतीस की."

"मी कशाला सांगतीया?"

"आखितीचा दिस होता. तू पोळी केलतीस. हाताला पट्टी हुती, जखम घामानं चिघळली हुती. तू भरवलीस."

रुक्मिणीबाई भाकरीचं फडकं झटकत राहिली. मग म्हणाली, "एवढं ध्यानात ठिवायला कुनी सांगितलं हुतं?"

"आगं, माझी साखळी मानतात ती रेघेमुळं. न्हाईतर हा हात बघून कोन आठ आणे काढंल?"

तिनं फडक्याची घडी केली. निघताना म्हणाली, "एका रांगेत भागंल कसं, त्ये पन बघा."

साडेपाचला दत्तोबा आले. मधुसूदनही आला.

"वैशाख होता तात्या," ज्योतीराम म्हणाला. "आखिती."

दत्तोबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मार्गशीर्ष म्हनला असतास तरी मी मान हालवली असती."

"म्हाईत हाय."

त्यानं वाकून मधुसूदनच्या चाकातलं कुलूप काढलं. आठ आणे मागितले नाहीत. त्या हिवाळ्यात आणखी चौघांकडून घेतलेले आठ आणेही त्यानं आठवड्याभरात परत केले. एकजण नोकरी सोडून गेला होता, त्याचे तेवढे राहिले.

मधुसूदनला आता अवघडल्यासारखं झालं. त्यानं ड्रॉइंग ऑफिसात बसून वैशाखातल्या नऊच्या सावलीचं गणित केलं आणि दुसऱ्या दिवशी टेपनं जागा दाखवली, दहा फुटांना दोन इंच कमी. ज्योतीरामनं तिथं रेघ मारली. "कागदावर माझा इस्वास न्हाई साहेब," तो म्हणाला. "आखितीला बघू. तवर हीच." सायकली त्यानं तिरक्या लावल्या, एकीचं हँडल दुसरीवर, आणि तशा दीड रांगेइतक्या बसवल्या. राहिलेल्या तुटीसाठी पंक्चरचं सामान आणलं. मधुसूदन पुन्हा खांबाला सायकल लावायला लागला, पुढचं चाक बरोबर रेघेला टेकवून.

अक्षय्य तृतीयेला नऊच्या भोंग्याला तिघं पुन्हा उभे राहिले. सावली मधुसूदनच्या रेघेच्या वीतभर पुढं पडली.

मधुसूदननं भिंतीकडे पाहिलं, मग टेप घेऊन स्टुलावर चढला. कारखान्याच्या नकाशात भिंत आठ फूट होती. माथ्यावरचा सहा इंचांचा कोपिंगचा थर नंतर घातलेला होता, तो नकाशात नव्हता. त्यानं उंची नकाशावरून घेतली होती, भिंत मोजली नव्हती.

"पाच महिने तुमची वीतभर जागा बुडाली," तो खाली उतरून म्हणाला.

"बुडाली ती बुडाली," ज्योतीराम म्हणाला.

दत्तोबांनी काठीनं खूण केली. ज्योतीरामनं सावलीच्या कडेला दगड रोवायला सुरुवात केली, एक एक करून. खांबापाशी आला तेव्हा थांबला.

"साहेब, चाक आत येतंय."

मधुसूदननं सायकल वीतभर मागं घेतली.