राजे, आजचा प्रश्न?

कचऱ्यावर अंथरायचं हिरवं जाळं शालीसारखं खांद्यावर टाकायचं, कमरेत वाकायचं आणि गंभीर चेहऱ्याने विचारायचं, "राजे, आजचा प्रश्न?"

टोकियोत, ओजिमातल्या आमच्या इमारतीखाली, जळणारा कचरा उचलायच्या दिवशी सकाळी, हा मुजरा मला मिळायचा. माझ्या एका हातात ऑफिसची बॅग, दुसऱ्या हातात कचऱ्याची पिशवी. जाणारे-येणारे नम्रपणे दुसरीकडे बघायचे.

मुजरा करणारे गृहस्थ ऐंशीच्या घरातले, शाळेत जगाचा इतिहास शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सेन्सेई म्हणायचे, म्हणजे मास्तर. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं एक माणूस असेल, ज्याला कुणी नेमलेलं नसतं आणि ज्याच्यावाचून काही चालत नाही. कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून जाळं अंथरायचं, गाडी येऊन गेली की झटकून त्याची घडी घालायची, हे काम त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलं होतं. कावळ्यांशी उघड वैर. "ते माझा चेहरा ओळखतात," असं अभिमानाने सांगायचे.

मला राजेपद मिळालं ते नावामुळे. पहिल्या भेटीत मी "मिलिंद" म्हटलं आणि त्यांच्या हातातलं जाळं गळून पडलं.

"मिरिंदा!"

जपानी जिभेवर ल चा र होतो, त्यामुळे इथे मी लहानपणीच्या नारिंगी बाटलीसारखा ऐकू येतो. त्याची सवय होती. पण ते पुढे म्हणाले, "मिरिंदा राजा!"

"आमच्याकडे मिलिंद म्हणजे भुंगा," मी सांगितलं.

"कीटक?" त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "छे छे! तुम्ही ग्रीक आहात."

आणि कचऱ्याच्या ढिगाशेजारी उभ्या उभ्या त्यांनी तास घेतला. मेनांद्रोस नावाचा ग्रीक राजा. अलेक्झांडरनंतर आपल्याकडेच राहून गेलेल्या ग्रीकांपैकी. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी पंजाबकडे त्याचं राज्य होतं. आपल्या लोकांच्या जिभेवर ते नाव बसेना, म्हणून त्यांनी घासून घासून त्याचं मिलिंद केलं. हा राजा एका बौद्ध भिक्षूला प्रश्नांवर प्रश्न विचारायचा. ते प्रश्न चीनमार्गे जपानला पोचले.

"आणि आज राजे स्वतः पोचले," सेन्सेई माझ्या पिशवीकडे बघत म्हणाले. "गाठ नीट बांधा."

मग हसत म्हणाले, "तो मेल्यावर त्याची राख मिळावी म्हणून शहरं भांडली म्हणे. माझ्यासाठी कावळे भांडतील."

मी मुळात न विचारणारा माणूस. मीटिंगमध्ये "एनी क्वेश्चन्स?" आलं की मी माउसकडे बघत बसतो. पण राजाला सुटका नव्हती.

"सेन्सेई, रस्ता रिकामा असताना लोक लाल सिग्नलला का थांबतात?"

"कुणी बघत नसताना थांबण्यात मजा असते, राजे."

"तुटलेली छत्री कुठल्या कचऱ्यात टाकायची?"

"यावर राजांनी चिंतन करावं. मीही अजून करतोय."

बायको हे खिडकीतून बघायची. "घरात तोंड उघडत नाहीस आणि खाली दरबार भरवतोस!"

एका थंडीत ते नावाचा ग्रीक अर्थ घेऊन आले. मेनो म्हणजे राहणं, टिकून राहणं. आनेर म्हणजे माणूस. मेनांद्रोस, राहणारा माणूस. जाळ्याची घडी त्यांनी माझ्या हातांवर ठेवली. "इथले भारतीय कॉन्ट्रॅक्ट संपलं की जातात. तुम्ही राहणारे. माझे गुडघे गेले. एप्रिलपासून जाळं तुमच्याकडे."

तेव्हा तोयोसुच्या टॉवरमधला आमचा नवा फ्लॅट पक्का झालेला होता. फक्त किल्ली यायची होती.

मी म्हटलं, "हो."

त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवलं नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नाही. नाही म्हटल्यावर जी क्षणभर शांतता होते, ती मला सोसत नाही, एवढंच. बऱ्याच ठिकाणांहून मी असाच हो म्हणून निघून आलोय.

"सांगितलंस का त्यांना?" बायको रोज विचारायची.

"उद्या सांगतो."

"तुझा हा उद्या कुठल्या कचऱ्यात टाकायचा, तेही विचार मग."

शेवटच्या सकाळी त्यांनी नेहमीसारखा मुजरा केला. "राजे, आजचा प्रश्न?"

"आज पाऊस पडेल का?"

त्यांनी आकाशाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "राजांनी छत्री घेऊन निघावं," म्हणाले आणि गुडघे दाखवायला दवाखान्यात गेले. सामानाचा ट्रक मी मुद्दाम त्यांच्या दवाखान्याच्या दिवशीच मागवला होता.

तोयोसु तिथून सायकलच्या अंतरावर. मी एकदाही गेलो नाही. टॉवरमध्ये तळघरात कचऱ्याची खोली आहे, केव्हाही टाका. कावळा नाही, जाळं नाही, कुणी काही विचारत नाही. मला हवं होतं तसंच सगळं.

मग जुन्या इमारतीतल्या कुलकर्णी वहिनींचा फोन आला. "मिलिंद भावजी, सेन्सेई गेले हो." मग म्हणाल्या, "तुमची मोहीम संपली का?"

"कसली मोहीम?"

"अहो, ते सगळ्यांना सांगायचे ना, राजे मोहिमेवर गेलेत, येईपर्यंत जाळं मी सांभाळतो. शेवटी शेवटी तर काठी टेकत यायचे."

पुढच्या कचऱ्याच्या सकाळी मी सायकल काढली.

जाळं कुणीतरी कसंबसं अंथरलं होतं. एक पिशवी अर्धी बाहेर. कठड्यावर कावळा, इथला, आपल्याकडच्यापेक्षा चांगलाच दांडगा. पिशवीकडे बघत होता, पण खाली उतरत नव्हता. वडिलांच्या दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा काकांनी मला कोपराने ढोसलं होतं, "अरे, काहीतरी कबूल कर की!"

मी हळूच म्हटलं, "सेन्सेई, जाळं मी बघतो."

कावळा ढिम्म. बरोबरच होतं. माझ्या 'हो'ची किंमत त्यांना माहीत होती. त्यांना वचन नको असणार, प्रश्न हवा असणार.

"सेन्सेई," मी विचारलं, "मी पळतोय हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

कावळा खाली उतरला. एका झटक्यात पिशवी फाडली. माशांचे काटे, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा, सगळं फुटपाथभर.

वरून वहिनी ओरडल्या, "अहो भावजी, बघत काय उभे राहिलात? हाकला त्याला!"

"खाऊ दे थोडं, वहिनी," मी म्हटलं. "झाडू तेवढा खाली आणून द्या. मी आहे."