खुर्ची थांबवण्याचं काम

५ फेब्रुवारी १९५३. सकाळपासून मी वेत भिजत घालत होते. खुर्चीची बैठक विणायची तर वेताची पट्टी आधी पाण्यात मुरावी लागते. कोरडी पट्टी वाकवली की मोडते. माझे दोन्ही हात घंगाळात होते आणि दारात एक मास्तर येऊन उभे राहिले.

"बाई, डोलखुर्चीचं एक काम आहे."

"मोडलीय का?"

"नाही. हलते."

"डोलखुर्ची हलायचीच."

"रिकामी हलते," मास्तर म्हणाले.

नवऱ्यामागे लक्ष्मीपुरीतला फर्निचर दुरुस्तीचा कारखाना मीच चालवत होते. रिकामी खुर्ची हलण्याची कारणं मला पाठ होती. जमीन उताराची असते, खिडकीतून वारा येतो, रस्त्यावरून गाड्या जातात, नाहीतर घरात मांजर असतं. मी पाणसळ, हातोडी आणि चार पाचरी पिशवीत टाकल्या आणि टांग्यात बसले. पाणसळ म्हणजे जमीन सपाट आहे की नाही ते दाखवणारं साधन. पाचर म्हणजे एका टोकाला निमुळता केलेला लाकडाचा तुकडा. डोलखुर्चीच्या पायांखालच्या वाकड्या पट्टीखाली, म्हणजे कमानीखाली, सारला की खुर्ची जागची हलत नाही.

मास्तरांचं घर कसबा बावड्याला होतं. टांग्यात त्यांनी सगळं सांगितलं. साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा एका बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं. त्यातून त्यांनी आईसाठी ही खुर्ची आणली. म्हातारी आधी म्हणाली, "ही खुर्ची हाय का घोडं?" आठवड्याभरात मात्र तिनं ती दुसऱ्या कुणाला दिली नाही. तांदूळ त्यात बसून निवडायचे, शेंगा त्यात बसून फोडायच्या. तिचा एक गुडघा धरलेला असायचा, खुर्चीनं त्याला आराम पडायचा. मी हे पुष्कळ घरांत पाहिलं आहे. साध्या खुर्चीत कोणीही बसतं. डोलखुर्ची घरात आली की थोड्या दिवसांत ती एकाच माणसाची होऊन बसते.

दिवाळीनंतर म्हातारी वारली. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. आपल्यात अशा वेळी घरचे लोक गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून वचन देतात. मास्तरांनी खुर्चीचं वचन दिलं. ही खुर्ची घराबाहेर जाणार नाही, तिला कोणी हात लावणार नाही, तिच्यात कोणी बसणार नाही. कावळा शिवला. त्यानंतर रोज दुपारी, म्हातारीच्या बसण्याच्या वेळेला, खुर्ची डोलायला लागली.

"मला त्रास नाही. मी शाळेत असतो," मास्तर म्हणाले. "कुसुम घरी एकटी असते. तिला सातवा महिना आहे. घास तोंडात जात नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर बाळाचं कठीण आहे. उद्या तिचे वडील चंदगडहून येतायत न्यायला. त्या रस्त्यानं एसटीत बसवायचं नाही, असंही डॉक्टरांनीच सांगितलंय."

"मग ठेवून घ्या की."

"ती म्हणते, खुर्ची राहील नाहीतर मी राहीन."

घर लहान, नीटनेटकं होतं. खुर्ची माजघरात होती. शिसवी लाकूड, सांधे घट्ट, काम उत्तम. बैठकीचा वेत डाव्या अंगाला खचलेला होता. म्हातारी त्या बाजूला भार टाकून बसत असणार. कुसुम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. चेहरा पिवळा पडलेला. बोलणं मात्र शाबूत होतं.

"ह्यांनी मांत्रिक आणायचा सोडून सुतारीण आणली व्हय?"

"मांत्रिकापेक्षा मी लवकर आटपते," मी म्हणाले.

मी फरशीवर पाणसळ ठेवली. जमीन सपाट होती. खिडकी लावून घेतली, दार लावून घेतलं. भिंतीला तळहात टेकवून पाहिला. उसाच्या गाड्या गेल्या की भिंत थरथरते, पण रस्ता रिकामा होता. मांजर नव्हतं. मग आम्ही तिघं वाट पाहत बसलो.

खुर्ची आधी पुढं झुकली. कोणी बसताना झुकते तशी. मग मागं गेली आणि डोलायला लागली. टक्, मग जरा थांबून घस्स. एकच पाय रेटून डोलणाऱ्या माणसाची चाल.

"दुखऱ्या गुडघ्याचा पाय त्या रेटत न्हवत्या," कुसुम हळूच म्हणाली.

मी उठले आणि खुर्चीच्या हातावर हात ठेवला. रिकामी खुर्ची बोटानं थांबते. ही थांबेना. माणूस बसलेलं असताना हाताखाली जे वजन लागतं तेच लागत होतं. मी दोन्ही कमानींखाली पाचरी सारल्या आणि हातोडीनं ठोकल्या. खुर्ची थांबली. आम्ही श्वास सोडला. मग एकेक पाचर, कोणी पायानं ढकलावी तशी, फरशीवर सरकत बाहेर आली. टक्, घस्स पुन्हा सुरू झालं.

माझ्या धंद्यातला एक उपाय शिल्लक होता.

"खालच्या कमानी काढते. चार पायांची साधी खुर्ची होईल. घरातच राहील."

मास्तर घाबरले. "वचन मोडतं ते. हात लावणार नाही म्हणालोय."

"माझा बा उद्या येतोय," कुसुम म्हणाली. "तेवढ्यात काय ते ठरवा."

माझ्याकडे गिऱ्हाईकं येतात आणि अर्धं वाक्य बोलतात. उरलेलं आपणच धरून लाकूड कापलं की काम वाया जातं. म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारते. मास्तरांनाही विचारलं.

"घाटावर तुम्ही नक्की काय बोललात? जसं बोललात तसं सांगा."

ते आठवत बोलायला लागले. "आधी म्हणालो, शेत विकणार नाही. कावळे झाडावरच. मग म्हणालो, तुझं वर्षश्राद्ध नीट करीन. तरी नाही. मग म्हणालो, आई, तुझी ती खुर्ची..."

"पुढं?"

"तेवढ्यात कावळा उतरला. शिवला."

"आणि कोणी बसणार नाही, हे?"

 "ते मी नंतर म्हणालो. वाक्य पुरं केलं."

"म्हणजे खुर्चीचं काहीतरी होतं, एवढंच कळलं. काय होतं ते तुम्ही ठरवलंत."

कुसुमनं उंबऱ्यावरून मान वर केली. सासूला ती आत्या म्हणायची. "मला कोण इचारतंय? बायका घाटावर जात न्हाईत. आत्या मला म्हणालत्या, पोर झालं की ह्या खुर्चीत बसून पाज. माझी कंबर मोडली तशी तुझी मोडू नगं."

"हे तू मला सांगितलं नाहीस," मास्तर म्हणाले.

"तुमी घाटावरनं वचन घेऊनच आलासा. हात लावला तर आई कोपंल म्हणालासा. मग म्या काय सांगू?"

म्हातारीलाच विचारून घ्या म्हणून मी मास्तरांना भात आणायला लावला. परसातल्या भिंतीवर त्यांनी पानावर भाताचा घास ठेवला. शेवग्यावर कावळे होते. ते भिंतीवर येऊन ओळीनं बसले, पण पानाकडं एकही सरकेना. मास्तर हात जोडून म्हणाले, "आई, मी चुकलो असेन तर सांग." कावळे तसेच बसून राहिले. एवढे कावळे, आणि एकाचाही आवाज नाही. आत खुर्ची चालूच होती.

मग कुसुम कमरेला हात देत उठली आणि भिंतीपाशी गेली. तिनं हात जोडले नाहीत.

"आत्या, मी बसते. आजपासनंच बसते. पण मला भ्या दाखवू नगासा, माझ्यानं न्हाय सोसत."

बोलणं संपायच्या आत कावळ्यानं घास उचलला.

कुसुम आत गेली तेव्हा खुर्ची थांबलेली होती. ती बसली. तिचे पाय सुजले होते म्हणून तिनं ते वर घेऊन मांडी घातली. थोड्या वेळानं तिनं मास्तरांकडं उरलेला भात मागितला, ताक घालून सगळा खाल्ला आणि बसल्या जागी झोपली. खुर्ची संथ डोलत राहिली. मास्तर डोळे पुसत होते, त्यांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं. जमिनीला पाय न लावता डोलखुर्ची इतका वेळ डोलत नाही.  मी पाचरी गोळा करून पिशवीत टाकल्या.

गिऱ्हाईक जे काम सांगतं तेच त्या वस्तूचं दुखणं असतं असं नाही. आणि कारण सापडलं नाही तरी दुरुस्ती होऊ शकते.

मात्र खचलेला वेत दोन जिवांचं वजन पेलणार नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भिजलेल्या पट्ट्या घेऊन परत गेले. कुसुमचे वडील ओसरीवर चहा पीत होते आणि एकटेच परत जायचं म्हणून कुरकुरत होते. कुसुम चुलीपाशी भाकरी थापत होती. माजघरात कोणी नव्हतं. खुर्ची डोलत होती. मी हत्यारं खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाले, "अक्का, जरा उठता का? वेत बदलायचाय."

खुर्ची पुढं झुकली आणि थांबली. मी कामाला बसले.