तिवराचा धडा

हजरा सोलकर दोह्यातल्या आमच्या अल मुंतझा भागातल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. आम्ही चौथ्या. मी नाशिकची, ती रत्नागिरीजवळच्या साखरतरची, आणि आमची ओळख झाली ती तिच्या गॅलरीत वाळत घातलेल्या पानांमुळे. कसलीशी जाड, हिरवट-करडी पानं ताटांत मांडलेली. मला वाटलं, खायचं काही असेल. विचारलं तर म्हणाली, "तिवराची आहेत, खारफुटीतलं झाड. जीभ लावून बघा."

लावली. खारट.

"समुद्राचं पाणी पिऊन हे झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं," ती म्हणाली. "आमच्या खाडीत हेच झाड आहे. इथं अल खोरच्या किनाऱ्यालाही हेच. मी आले तेव्हा दोह्यात ओळखीचं असं हे एकच सापडलं मला."

ती एका खाजगी शाळेत जीवशास्त्र शिकवते. नवरा फजल एका जहाज कंपनीत क्लार्क आहे. मुलगी माहिरा तेव्हा सातवीत होती. मराठी सगळं कळायचं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत. दर हिवाळ्यात हजरा शाळेच्या बसमधून पोरांना अल खोरच्या तिवरांत न्यायची. गुडघाभर चिखल, वर फ्लेमिंगो, आणि ही सलवार खोचून सगळ्यांच्या पुढं. पालक तक्रार करायचे, बुटांची वाट लागते म्हणून. तिला त्याचं काही नव्हतं.

तिच्याच शाळेत लीगाया नावाची फिलिपिनो शिक्षिका होती. रसायनशास्त्राची. गोल चेहऱ्याची, मोठ्यानं हसणारी. तिच्या गावाकडंही तिवरं होती, एका वादळात निम्मी उन्मळून पडलेली. दोघींचं तिथंच जुळलं. लीगायाच्या ओळखीचे काही शिक्षक फिलिपिन्स, इंडोनेशिया, व्हिएतनाम, थायलंड आणि मलेशियात होते. त्यांनी आपसांत एक जाळं उभं केलं होतं. सगळ्या देशांतल्या मुलांनी एकच प्रयोग एकाच पद्धतीनं करायचा आणि निष्कर्ष एकमेकांना दाखवायचे. सरकार नाही, ऑफिस नाही, शनिवारच्या ऑनलाइन बैठका आणि उत्साह. हजरा त्याला 'मंडळ' म्हणायची. लीगायानं तिला त्या बैठकीत बसवलं.

"मी भारताची, राहते कतारला. मला कशाला घेताय?" हजरानं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"झाड तर तेच आहे ना?" स्क्रीनवरचा एक इंडोनेशियन मास्तर म्हणाला, आणि सगळे हसले.

तिवराच्या मिठाचा धडा हजरानं त्या बैठकांसाठी बांधला. सारख्या आकाराची पानं निवडायची, साध्या पाण्यात खळखळून धुवायची, ते पाणी उन्हात आटवायचं आणि उरलेलं मीठ तोलायचं. पाणी जितकं जास्त खारं, तितकं पानावर मीठ जास्त. म्हणजे मुलाला आपल्या समुद्राचा स्वभाव पानावरून वाचता येतो. दोह्याच्या उन्हात हे सोपं होतं. पण व्हिएतनामच्या बाईंचा निरोप आला की आमच्याकडं सारखा पाऊस, पानावर मीठ राहतच नाही. हजरानं पावसाळ्यातली आपली खाडी डोळ्यांसमोर आणली. मग पाऊस अडवायला फांदीला प्लास्टिकची टोपी बांधायची युक्ती काढली, आत वाफ धरू नये म्हणून खालून उघडी. व्हिएतनामच्या पोरांनी टोप्या घातलेल्या झाडांचे फोटो पाठवले. ते फोटो ती बिल्डिंगभर दाखवत फिरली. वॉचमनलासुद्धा.

कोविडमध्ये शाळा बंद पडल्या आणि मंडळ वाढलं. घरात कोंडलेले शिक्षक, दुसरं करणार काय? धडा पाच भाषांत गेला. त्या काळात हजराच्या घरातून सतत तिचा आवाज यायचा, सावकाश इंग्रजी, मध्येच अरबीतली घाई, "यल्ला, नेक्स्ट स्लाइड". फजल चहा करून तिच्यापुढं ठेवायचा आणि कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून वाकून परत जायचा.

मग त्या देशांच्या शिक्षण खात्यांचं मंडळाकडं लक्ष गेलं. मंडळाला ऑफिस मिळालं, बोधचिन्ह मिळालं, संचालक आल्या. सगळ्या देशांच्या शाळांसाठी एक सामायिक पुस्तक काढायचं ठरलं. हजराच्या आनंदाला पारावार नव्हता. तिनं धडा पुन्हा लिहिला, चित्रं काढली. लीगाया तोवर मायदेशी परतली होती. तिला तिथं मंडळाच्या ऑफिसातच तात्पुरती नोकरी मिळाली होती. हजरानं सगळं तिच्याकडं पाठवलं.

पुस्तक आलं ते पीडीएफ म्हणून. तिवराचा धडा तिसराच होता. वर देशाचं नाव, फिलिपिन्स. खाली लेखिका म्हणून लीगायाचं नाव.

हजरा जिना चढून माझ्याकडं आली तेव्हा फोन तिच्या हातात होता. "तुम्ही वाचून बघा हो. मला चुकीचं दिसतंय का?" एवढंच म्हणाली.

चुकीचं दिसत नव्हतं. चित्रंसुद्धा तिचीच होती. साखरतरच्या खाडीवरून काढलेली होडी तशीच होती, तिच्यावरचा झेंडा तेवढा बदलला होता.

तिनं मंडळाला ईमेल केली. उत्तर सभ्य होतं. पुस्तक सदस्य देशांचं आहे, प्रत्येक धडा त्या त्या देशाच्या वतीनं छापला जातो, तुमचा देश सदस्य नाही, तुमच्या योगदानाबद्दल आभार. कतारच्या नावानं छापा म्हणाली, तर कतारही सदस्य नव्हता; आणि असता तरी कतारच्या वतीनं बोलणारी ती कोण? तिचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दरवेळी फजलच्या नोकरीवर नूतनीकरण होणारा. तिनं भारतातल्या एका विज्ञानसंस्थेला लिहिलं. त्यांनी कळवलं, की काम भारतात झालेलं नसल्यानं आम्हाला यात पडता येत नाही.

लीगायाला तिनं फोन केले. लागले नाहीत. मेसेज वाचल्याच्या खुणा यायच्या, उत्तर नाही.

तिच्या घरात त्यावर बोलणं झालं ते मी ऐकलं. फजल म्हणाला, "अगो, पोरं शिकतायत ना तुज्या धड्यावर? मग नाव नाय तर नाय. अल्ला बघतोय."

"अल्लाला दिसतंय ते मला ठाऊक आहे," हजरा म्हणाली. "माणसांना दिसायला हवं होतं."

माहिरा खोलीतूनच ओरडली, "अम्मी, दॅट्स थेफ्ट. सिंपल."

हजराच्या शाळेची मुख्याध्यापिका नमिता नाशिकचीच, माझ्या ओळखीतली. तिच्याकडंही हजरा गेली. नमिता म्हणाली, "हजरा, प्रस्तावनेत आपल्या शाळेचा उल्लेख आहे. मॅनेजमेंट खूश आहे. आता हे उकरून काढू नकोस." आणि वर म्हणाली, "तू एवढी सीनिअर, तुला नावाचा मोह कशाला?" हे वाक्य हजरा अजून विसरलेली नाही. नमिताचं नाव शाळेच्या प्रत्येक बोर्डावर आहे.

पुढच्या हिवाळ्यात मंडळानं आखातातल्या शाळांशी सहकार्य सुरू केलं. दोह्यातल्या विज्ञानशिक्षकांसाठी एका हॉटेलात प्रशिक्षण ठेवलं. नमितानं हजराचं नाव पाठवलं, प्रशिक्षणार्थी म्हणून. नकार दिला असता तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट अडलं असतं. निदान हजराला तसं वाटलं. ती गेली.

पुढचं तिनंच मला सांगितलं. गळ्यात पट्टा, त्यावर नाव, त्याखाली 'पार्टिसिपंट'. समोर एक तरुण मलेशियन प्रशिक्षक. चांगला होता बिचारा, नम्र, तयारीनं आलेला. पडद्यावर हजराची होडी. त्यानं प्रत्येक टेबलावर तिवराची पानं ठेवली आणि म्हणाला, "आता एकेक पान जिभेला लावा. घाबरू नका."

सगळ्यांनी लावली. सगळे हसले. हजराच्या टेबलाशी येऊन त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय चव लागली?"

हजरा उभी राहिली. "हा धडा माझा आहे," ती म्हणाली. "ही चित्रं माझी आहेत. ती टोपी मी शोधली, व्हिएतनामच्या पोरांसाठी."

तो मुलगा गोंधळला. हातातला रिमोट त्यानं उगाच दोनदा दाबला, पडद्यावरचं चित्र पुढं गेलं, परत आलं. "मॅडम, मला खरंच माहीत नाही. मला हे असंच दिलंय," तो म्हणाला. मागच्या रांगेतून कुणीतरी हिंदीत पुटपुटलं, "बैठ जाइए ना, लंच का टाइम हो रहा है." शेवटी पुढच्या रांगेत पाहुणी म्हणून बसलेली नमिताच उठून आली, हजराच्या खांद्यावर हात ठेवून प्रशिक्षकाला इंग्रजीत म्हणाली, "आमच्या हजरा मॅडम या विषयात फार इमोशनल आहेत. प्लीज कंटिन्यू."

हजरा बसली. संध्याकाळी तिला धडा शिकल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ते तिनं टॅक्सीत ठेवून दिलं आणि उतरली.

लीगाया त्यानंतर वर्षाभरानं दोह्यात आली, मंडळाच्याच कामाला. तिनं स्वतःहून मेसेज केला. सूक वाकिफच्या जुन्या बाजारात, मसाल्यांच्या गल्लीपलीकडच्या एका कॅफेत दोघी भेटल्या. हजरानं मला बरोबर नेलं होतं. "एकटी गेले तर भांडेन किंवा रडेन," म्हणाली, "आणि मला दोन्ही नको."

लीगाया बारीक झाली होती. हसणंही कमी झालं होतं. चहा आला. मग तीच म्हणाली, "हजरा, धडा कुठल्या तरी देशाच्या खात्यावर जायलाच हवा होता. नाहीतर पुस्तकातून काढणार होते. माझ्याकडे देश होता, तुझ्याकडे नव्हता. मी धडा वाचवला."

"आणि तुझी नोकरी?"

लीगाया खाली बघत राहिली. "हो. तीही. आठ वर्षांनी मुलांजवळ परत गेले होते, पुन्हा सोडून यायचं नव्हतं. ते पान माझ्या नावावर नसतं, तर मला कुणी कायम केलं नसतं."

हजरानं कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ती विरघळणार. तीही आईच. पण ती म्हणाली, "हे तू मला फोनवर सांगितलं असतंस, तर मीच तुला म्हटलं असतं, घाल तुझं नाव. खरंच म्हटलं असतं. देश नव्हता माझ्याकडे, फोन होता."

लीगाया रडायला लागली. हजरानं तिच्याकडं टिश्यूचा डबा सरकवला, पण हात धरला नाही. लीगाया म्हणाली, पुढच्या आवृत्तीत आभारात नाव घालायचा प्रयत्न करते. हजरा अरबीत आभार मानत म्हणाली, "शुक्रन. नको." मग उठली. परतीच्या बसमध्ये ती माझ्याशी माहिराच्या बारावीबद्दल बोलत होती, अगदी नेहमीच्या आवाजात.

आभारात नाव आलं नाही. नवी आवृत्ती निघाली, तिच्यात धडा छोटा केला होता, होडीच्या जागी फोटो आला होता.

हजरा अजून त्याच शाळेत आहे. जीवशास्त्र शिकवते, वेळेवर अभ्यासक्रम संपवते, तिच्या वर्गाचे निकाल चांगले लागतात. अल खोरला मुलांना नेणं तिनं सोडलं. नवीन आलेली एक मल्याळी शिक्षिका आता बस घेऊन जाते, मंडळाचं पुस्तक हातात घेऊन. परत आल्यावर ती स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगते, फिलिपिनो लोकांनी काय सुंदर प्रयोग बसवलाय. हजरा वह्या तपासत असते. एकदा तिच्या घरी ती अशाच वह्या तपासत असताना मी म्हटलं, "त्या नव्या बाईला तरी सांगायचंस."

"ती विचारेल, कुठं लिहिलंय?" हजरा म्हणाली, आणि पुढची वही ओढली.